कडू झुडपातला देव

पूर्वी मरुदेशात रोहक नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गुडघाभर उंचीच्या एका झुडपात देव होऊन राहत होता. देवाने वडा-पिंपळात राहावे असे आपल्याला वाटते. हे झुडूप तर वांगी-रिंगणीच्या भावकीतले, राखट पानांचे, आणि इतके कडू की शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नसे.

जवळच शेळ्या पाळणाऱ्यांची वस्ती होती. सणाला ते दुधाचा घट्ट गोळा बांधून वर्षभरासाठी वाळवीत. ताकाने दूध फाटे, पण टिकाऊ गोळा बांधला जात नसे. म्हणून दूधपित्या करडाचे पोट चिरून त्यातले दूध थिजवणारे विरजण काढीत. ऐकूनच अंगावर काटा येतो. आईचे दूध घट्ट व्हावे म्हणून तिचेच लेकरू मारायचे! आणि वस्तीत कुणाला त्याचे काही वाटत नसे.

त्या वर्षी करडू देण्याची पाळी विपुला नावाच्या विधवेची आली. तिला एकच शेळी आणि एकच करडू. धारोष्ण दुधाचे मडके झुडपाखाली ठेवून ती करडाला पोटाशी धरून बसली. वस्तीचा मुखिया उग्रक दगडावर सुरी घासू लागला.

"आजी, आण ते इकडं. आम्हीही दिलीच की आमची."

"नेशील बाबा. पण त्याच्या आईसमोर नको."

सुरीचा आवाज ऐकून बोधिसत्त्वाने आपल्या पिकल्या फळांकडे पाहिले. शेजारच्या शमीतला देव घाबरून म्हणाला, "गप्प राहा! तुझ्या फळांनी दूध थिजतं हे कळलं तर ही माणसं तुला मुळासकट उपटतील. मग राहशील कुठे?"

"उपटू देत," बोधिसत्त्व म्हणाला, आणि त्याने सगळे झुडूप गदागदा हलवले.

पिकली फळे टपाटप मडक्यात पडली. विपुलेने ती घाईघाईने काढायला हात घातला, तशी ती तिच्या मुठीत चिरडली. थोड्याच वेळात दूध थिजले.

"नासवलंस सगळं!" उग्रक ओरडला.

विपुलेने गोळा फडक्यात घालून पिळला. तो दगडासारखा घट्ट होता. तिने तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला उग्रकापुढे धरला. त्याने चाखला मात्र, सुरी त्याच्या हातून गळून पडली. विपुलेचे करडू वाचले.

मग त्याच माणसांनी काय करावे? संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी फळे ओरबाडली, फांद्या मोडल्या आणि मूळही खणून नेले. बोधिसत्त्व उघड्या वाळूवर बसून राहिला.

गाळून उरलेल्या बिया मात्र त्यांनी वस्तीबाहेर फेकल्या. पुढच्या वर्षी वस्तीभोवती तीच राखट झुडपे उगवली, आणि त्यानंतर तिथे एकही करडू मारले गेले नाही.

इतके सांगून भिक्खूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची विपुला म्हणजे आजची ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी सुमेधिका. उग्रक म्हणजे इथे गोष्ट ऐकून मान खाली घालून बसलेला हा भिक्खू वंकक. झुडपातला देव मी होतो."

एका भिक्खूने विचारले, "भंते, त्याआधी मारली गेलेली करडं कोण होती?"

शास्ता म्हणाले, "त्यातलं एक आधीच्या जन्मी मीच होतो. ती सुरी मी ओळखत होतो."

वंककाला रडू आवरेना. शास्त्यांनी त्याला जवळ बोलावून बसवले आणि म्हणाले, "ज्याच्या सुरीने आपण मेलो त्यालाही जवळ घेणे, यालाच मैत्री-पारमिता, मैत्रीची परिसीमा, म्हणतात."