लोण्याचे वासरू

माघ वद्य तृतीया. धुके दुपारपर्यंत उठले नाही. त्या दिवशी विहारात कळले, की आजारी भिक्षूच्या पेजेचे तूप कोठीच्या भिक्षूने उत्सवाच्या दिव्यांत ओतले. तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही मागच्या जन्माची कथा सांगितली.

वेत्रपुरात मणिभद्र राजा होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या गवळवाड्याचे प्रमुख होते. वाड्याची रीत अशी, की गाईच्या तीन सडांचे दूध माणसांचे आणि चौथा सड वासराचा. त्याला कोणी हात लावत नसे.

एका माघात राजाने वत्सपूजेसाठी लोण्याचे वासरू घडवायला घेतले. लोणी पुरेना. कोठाराचा अधिकारी कुंजर हुकूम घेऊन आला, ‘चारही सड पिळा!’ वासराच्या पूजेसाठी वासराचेच दूध! बायका पहाटेपासून रवीचा दोर ओढू लागल्या. डेऱ्यात लोण्याचे गोळे तरंगत होते आणि गोठ्यात वासरे आडवी पडत होती.

रेवा गवळण बोधिसत्त्वांना म्हणाली, “दादा, माझ्या कपिलेचं वासरू उठेना झालंय. आणि मी इथे घुसळत बसलेय!”

बोधिसत्त्वांनी तिच्या रवीचा दोर सोडला. मग सगळ्यांच्या रव्यांचे सोडले.

कुंजर ओरडला, “अरे, लोण्याच्या वासराचे कान व्हायचेत अजून!”

“राहू द्या. त्याला तरी कुठे कोणाचं ऐकायचंय?” बोधिसत्त्व म्हणाले. बायका हसल्या.

“राजा विचारील तेव्हा?”

“तेव्हा कशाला? आत्ताच जाऊ.”

बोधिसत्त्वांनी कपिलेचे वासरू उचलून दरबारात नेले. खाली ठेवताच ते धडपडत तिथे उभ्या केलेल्या लोण्याच्या वासराजवळ गेले आणि त्याच्या पोटाखाली आचळ शोधू लागले. कुंजरने काठी उगारली. बोधिसत्त्व मध्ये उभे राहिले.

“मला मार. महाराज, याच्या तोंडचं काढून ते उभं केलंय. ज्याला ओवाळायचं, त्यालाच उपाशी मारायचं? माझे हात तोडा. चौथा सड मी पिळू देणार नाही.”

राजाने मान खाली घातली. “पूजा बंद करा,” तो म्हणाला. “चौथा सड वासराचाच.”

कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, कोठीचा हा भिक्षू तेव्हा कुंजर होता, आजारी भिक्षू ते वासरू आणि गवळ्यांचा प्रमुख मीच होतो. मी तेव्हा पाळली ती करुणा.”

त्या माघात गवळवाड्यातली पाच वासरे मेली. कपिलेचे जगले.