कोमट पाण्यातला अर्धा तास

"पीठ किती वाढवू, काकी?"

विराजने तिसऱ्यांदा विचारलं. त्याच्यासमोर परातीत माशाचे उकडलेले गोळे पडले होते. बोटांत धरले की भुगा होत होता.

"वाढवू नको," सुभद्राकाकी म्हणाल्या.

विराज सारंग मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन देवगडला परतला होता. किनाऱ्यावरच्या या शेडमध्ये अकरा बायका माशाचे गोळे करत. सुभद्राकाकी मोंडकर त्यांतल्या सर्वांत जुन्या. हॉटेलांना माल पुरवणाऱ्या मिराशीबाई आज चार वाजता चव बघायला येणार होत्या. त्या नाही म्हणाल्या, तर शेड बंद.

"पिठाने बांधणी येते. पुस्तकात आहे."

"मग भजी तळ."

विराजचे कान लाल झाले...

राणी माशाचा शेवटचा वाटा उरला होता. काकींनी तो पाट्यावर बारीक वाटला, गार पाण्यात धुतला, पिळला. परात बर्फावर ठेवून मीठ घालून मळत राहिल्या, लगदा हाताला चिकटेपर्यंत. गोळे वळून कोमट पाण्यात सोडले आणि स्टुलावर बसल्या.

मिराशीबाई आल्या.

विराजने शेजारचं पाणी उकळत ठेवलंच होतं. "टाकू?"

"नाही. बांधणी कोमट पाण्यातच धरते. अर्धा तास."

"काकी, त्या आल्यात!"

"बघितलं मी."

मिराशीबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग पर्स उचलली. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

विराजने झारा उचलला. काकींनी कोमट पाण्याच्या पातेल्यावर तळहात आडवा धरला.

"हात काढा, काकी. अकरा घरं आहेत."

"त्यातलं एक माझं."

हात हलला नाही...

मिराशीबाई दारापर्यंत गेल्या. वळून त्या हाताकडे बघत राहिल्या. मग परत येऊन खुर्चीत बसल्या.

अर्धा तास भरला तेव्हाच काकींनी हात काढला.

उकडलेल्या गोळ्याची मिराशीबाईंनी पातळ चकती कापली. दुमडली. पुन्हा दुमडली. चीर पडली नाही. तोंडात टाकून त्या बराच वेळ चावत राहिल्या.

"सोमवारपासून पाठवा."

गाडी दिसेनाशी झाल्यावर विराज काकींजवळ येऊन उभा राहिला. हातातला झारा ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

"काकी... त्या निघून गेल्या असत्या तर?"

काकींनी एक गरम गोळा त्याच्या तळहातावर ठेवला.

"तर आपण खाल्ले असते."