विशाखाचा आकडा

"पण भंते, तिला त्रास कमी आहे असं मी कुठं म्हणतो? ती स्वतःच तसं म्हणते. मग मी काय करू?"

डॉक्टर अश्वजित वासनिकांनी हे विचारलं तेव्हा भंते खेमानंद विहाराच्या ओसरीवर बसून चीवराला ठिगळ लावत होते. त्यांनी आधी सुईत दोरा ओवला.

"किती म्हणते?"

"शंभरात बारा."

"बारा म्हणजे?"

"म्हणजे आजार असून नसल्यासारखा. वीस-बावीसच्या खाली आलं की जगणं ठीक चाललंय असं आम्ही समजतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही... म्हणजे, ते प्रश्न मीच तयार केलेत, भंते."

हे सांगताना त्यांची मान थोडी ताठ झाली. व्हायचीच. वैनगंगेकाठच्या याच गावातला हा मुलगा याच ओसरीवर भंतेंकडून अक्षरं शिकला, नागपूरला जाऊन त्वचेचा डॉक्टर झाला. ज्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं पित्ताच्या गांधी उठतात, त्यांच्या कातडीपेक्षा त्यांचं जगणं मोजलं पाहिजे, हे त्यानं सगळ्यांच्या आधी ओळखलं. झोप, कपडे, जेवण, चारचौघांत जाणं, सगळ्याचे प्रश्न केले, उत्तरांची बेरीज बसवली. पुण्याच्या परिषदेत टाळ्या पडल्या. स्वभावानं माणूस चांगलाच होता. फक्त एकदा आकडा हाती आला की त्याचं पोट भरायचं.

आणि त्या आकड्यावरच आता विशाखाचं सगळं अडलं होतं.

विशाखा रामटेके याच गावची. तिच्या गांधी रोज उठायच्या, कधी पाठीवर, कधी तळव्यांवर, आणि गाडीनं नागपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मावळून जायच्या. कोरी कातडी बघून लोक तिलाच खोटी ठरवत. गोळ्यांना तिचा आजार दाद देत नव्हता. एक महागडं इंजेक्शन होतं. दवाखान्यात ते आणखी एकाच रुग्णाला फुकट मिळणार होतं, आणि ज्याचा आकडा सगळ्यात वर, त्याचं नाव उद्या जाणार होतं. विशाखाचा आकडा सगळ्यात खाली होता.

म्हणून भंतेंनी डॉक्टरांना बोलावून घेतलं होतं.

"मी तिच्यासाठी हात आखडता घेतला नाही, भंते. पण ज्यांना रात्र रात्र झोप नाही, ज्यांची लग्नं मोडली, त्यांना मागं ठेवून मी हिला पुढं कसं करू? गावची म्हणून?"

"नको करू."

"मग?"

"ती आत आहे. माझ्यासमोर विचार एकदा."

विशाखा हाताला लागलेलं पाणी ओढणीला पुसत बाहेर आली. अंगात वडलांचा जुना, ढगळ सदरा. डॉक्टरांना बघून ती हसली. तिला त्यांचा राग नव्हता, आणि तेच बघायला जड जात होतं.

ती जमिनीवर बसली. डॉक्टर खाली उतरून तिच्यासमोर बसले.

"गेल्या पंधरा दिवसांत पित्तामुळे झोप मोडली?"

"नाई जी."

"कपडे घालताना त्रास झाला?"

"नाई."

"जेवणात काही सोडावं लागलं?"

"नाई जी. रोज जेवते तेच जेवली."

"लग्नकार्य, कार्यक्रम, कुठं जायचं टाळलं?"

"नाई, काईच नाई टाळलं."

डॉक्टरांनी भंतेंकडे पाहिलं. मी म्हणालो नव्हतो का, असा तो बघण्याचा रोख होता.

भंते दोरा दातांत धरून तोडत होते.

"झाले प्रश्न?"

"झाले, भंते."

भंते उठले. आत जाऊन त्यांनी बाजाची पेटी दोन्ही हातांनी उचलून आणली. वय झालेलं, दम लागला. डॉक्टर मदतीला उठले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. पेटी विशाखासमोर ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

"बेटा, परवा पौर्णिमा. वंदनेनंतरचं गाणं तू म्हण."

विशाखाचा हात पेटीकडे गेला. बोटं सुरांवर टेकलीसुद्धा...

मग दुसरा हात आपसूक उठला आणि तिनं तोंड झाकलं.

नदीकडून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तिचा हात तोंडावरून खाली आला नाही.

डॉक्टर पुढं वाकले. त्यांची नजर सवयीनं तिच्या बोटांच्या फटींतून ओठांवर गेली. ओठांवर काहीही नव्हतं.

"ओठ सुजलेत का, विशाखा?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग..."

"सुजतीन," ती हाताआडून म्हणाली.

डॉक्टरांच्या कागदावर सुजण्याचा प्रश्न होता. सुजतील याचा नव्हता. मग त्यांनी विचारलं ते कागदावरचं नव्हतं.

"तू शेवटचं कधी गायलीस?"

"जयंतीले. स्टेजवर." तिचा आवाज अगदी बारीक होता. "दुसऱ्या कडव्यातच ओठ असे फुगले का शब्दच निंघेना. पोट्टे हासले. मले पाहाले आलेले पाहुणे समोरच बसले होते, ते बी हासले. तवापासून नाई."

"पण आत्ता तू म्हणालीस, कुठं जायचं टाळलं नाही."

"बोलावतच नाई जी कोणी. टाळू काय?"

डॉक्टरांना एकदम लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती, की असे 'नाही' त्यांनी आजवर किती जणांकडून हसतमुखानं लिहून घेतले असतील.

"अश्वजित," भंते म्हणाले, "विचार पुन्हा."

"तेच प्रश्न?"

"तेच."

"काय उपयोग, भंते? उत्तरं ती बदलेल कशाला? ती खोटं बोलत नव्हती."

"मी कुठं म्हटलं, खोटं बोलत होती?"

डॉक्टरांनी विचारलं. या वेळी प्रत्येक प्रश्नानंतर ते थांबले. घाई त्यांच्या हाडात होती, तरी थांबले.

"झोप मोडते?"

"मोडाले आधी लागली त पायजे..." ती थांबली. "आंगणात पडते जी, ओलं फडकं आंगावर घेऊन. डोळा लागला का फडकं वाळते. मंग उठून भिजवते. मायले वाटते मी झोपली."

"कपडे?"

"हाच सदरा. बायाईचं कापड आवळते, तिथं उठते. माह्याजवळ निळी साडी आहे. घरी पेटीत आहे." तिनं सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओढली, सोडली. "मस्त निळी आहे जी."

"जेवण?"

"भात अन् वरण."

"आवडतं म्हणून?"

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खाली बघू लागले.

"मले वांग्याची भाजी आवडते," ती म्हणाली. "तिखट. अन् झिंगे. अन् आंब्याच्या दिवसात आंबा." बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. "अन् पंगतीत बसून खावा वाटते, घरी कोपऱ्यात नाई. अन् मले गाणं गावा वाटते, भंते. लई गावा वाटते. मले वाटे ते गेलं सारं. ते गेलंच नाई जी..."

आणि ती रडायला लागली. तोंड झाकायचं राहूनच गेलं. आसवं गालांवरून हनुवटीवर आली, सदऱ्यावर पडली. गालांवर, गळ्यावर लालसर गांधी उठायला लागल्या, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. आजवर त्यांनी तिच्या अंगावर एकही पाहिली नव्हती.

ती खाजवत होती, रडत होती, आणि भंतेंना आंब्याबद्दल काहीतरी सांगत होती.

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. बेरीज दोनदा करून पाहिली. आकडा यादीतल्या सगळ्यांच्या वर गेला होता. उद्या कोणाचं नाव जायचं हा प्रश्नच उरला नव्हता. तरी त्यांचा चेहरा काळवंडला.

ते भंतेंजवळ सरकले, हळू आवाजात म्हणाले,

"भंते, हे बरं नाही झालं. ही मुलगी हसत बाहेर आली होती. आपण विचारून विचारून तिची ही दशा केली. तासाभरात बाराचे शहाऐंशी झाले..."

भंतेंनी चीवर पुन्हा मांडीवर ओढलं. ठिगळाची एक बाजू अजून राहिली होती.

"हं," ते म्हणाले. "आता बरी व्हायला लागली."