मेंढ्यांच्या विद्यापीठातला प्रश्न

फार जुनी गोष्ट. तेव्हा मेंढ्यांचंही विद्यापीठ होतं. पटत नसेल तर डोंगराला विचारा. कुलगुरू धवळाबाईंनी सगळ्या विभागांना फर्मान धाडलं, "यापुढे कुणी काहीही सांगो, आधी 'कशावरून?' असं विचारायचं." झालं! महिनाभर सगळा कळप एका सुरात "कशावरून?" ओरडत सुटला, उत्तर ऐकायला मात्र कुणी थांबेना. धवळाबाईंनी कपाळाला खूर लावला.

पदवीदानाची मिरवणूक निघाली. प्रथेप्रमाणे पुढे कुलगुरू, मागे माना खाली घातलेल्या मेंढ्या. नदीकाठी बाई म्हणाल्या, "चला, पाणी गुडघाभरच आहे."

"कशावरून, बाई?" काजळी नावाची विद्यार्थिनी खरोखरच थांबली.

"अगं ए, कुलगुरूंना विचारतेस? पदवी नको वाटतं?" मागून एक प्राध्यापिका खेकसल्या.

धवळाबाई चपापल्या. दरवर्षी असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एक पाय पाण्यात घातला, तळ लागेना. आणखी एक पाऊल, की मागोमाग सगळं विद्यापीठ बुडालं असतं.

"चुकले गं पोरी," सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या. "आज पुढे तू चाल."

"नको बाई. माझ्यामागे तरी डोळे मिटून का यायचं?"

बाई हसल्या आणि बाजूला झाल्या. मग काठावर जी ती मेंढी आपापला पाय पाण्यात घालून तळ शोधू लागली.