पाणमांजरताईंचं पुस्तक

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका रानात कासवबाई वाचनालय चालवायच्या. पूर चढू लागला, तसे सगळे प्राणी पुरात बीळ कसं वाचवायचं ते सांगणारं पुस्तक मागायला धावले. पण प्रकाशक कोल्ह्याची अट होती, एका वेळी एकानेच वाचायचं, नक्कल करायची नाही.

"बाई, पाणी दारात आलंय!" ससा ओरडला.

"अट मी घातली का?" कासवबाई वैतागून लेखिका पाणमांजरताईंकडे गेल्या.

"मी तर सगळ्यांसाठी लिहिलं होतं," ताई म्हणाल्या.

"मग कोल्ह्याच्या करारावर पंजा कशाला उमटवलात?"

"तो वाचला कोणी होता!"

कासवबाईंनी कपाळावर हात मारला. "आता निदान तोंडाने तरी सांगा!"

ताईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि बिळं वाचली.

पुढचं पुस्तक लिहून झाल्यावर ताई नवा करार घेऊन पंजा उमटवण्याआधी वाचनालयात आल्या. "बाई, एवढा वाचून मला समजावून सांगा."