दिवाणसाहेबांची खुर्ची आणि मातीच्या चिमण्या

डोंगराकाठच्या एका संस्थानात राजकन्या लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी येणार होती. तिला चिमण्यांचं भारी वेड, म्हणून राणीसाहेबांनी भिवबा कुंभाराकडून मातीच्या दोनशे चिमण्या करवून घेतल्या. म्हाताऱ्याने चार महिने खपून त्या घडवल्या, भाजल्या आणि बांबूच्या मांडवाला दोऱ्यांनी टांगल्या. मांडवाची जागा ठरवायचं काम तेवढं दिवाणसाहेबांकडे गेलं.

दिवाणसाहेब वाड्याच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले. मांडव दाराशी लावला, तर म्हणाले, "डोळ्यांवर ऊन येतंय." विहिरीशी नेला, तर, "मध्ये खांब येतोय." लिंबाखाली नेला, तर, "नुसत्या शेपट्याच दिसतात मला. पुन्हा दाराशीच नेऊन बघा!"

प्रत्येक हलवाहलवीत दहा-बारा चिमण्या एकमेकींवर आपटून फुटल्या होत्या. भिवबाने आतापर्यंत गुपचूप तुकडे धोतराच्या सोग्यात गोळा केले होते. आता मात्र तो सावकाश पायऱ्या चढला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, जरा उठता का?"

"का रे?"

"चिमण्या अख्खं अंगण फिरून आल्या. आता एकदा खुर्ची हलवून बघू. ती काही फुटायची नाही."

वर सज्जात राणीसाहेब खुदकन हसल्या. "उठा दिवाणजी," त्या म्हणाल्या.

मांडव लिंबाखालीच राहिला. राजकन्येचा मेणा येईपर्यंत खुर्ची पाच वेळा हलली, आणि चिमणी एकही फुटली नाही.