केरोबाची हाक

एका राज्यात सिंहासन होते, पण राजा नव्हता. राजा होता तो जादूगाराच्या पटावर, वीतभर लाकडी सोंगटी होऊन. शापित खजिन्याच्या लोभाने खेळायला गेला आणि हरला. तेव्हापासून विहिरी आटल्या, गाईंनी पान्हा चोरला, न्याय करायला कोणी उरले नाही.

खेळाची रीत अशी. एकाने पटावर उतरायचे, दुसऱ्याने काठावर बसून त्याला चाल सांगायची. तीन दारे उघडली की शाप तुटला. हरले की उतरणाऱ्याचे लाकूड झाले.

त्या राज्यात दोघे पाथरवट भाऊ होते. थोरला केरोबा अंगाने काडी. शिलालेख कितीही झिजलेला असो, तो वाचायचा, पण बोलताना अडखळायचा. धाकटा लखू दगडासारखा दणकट, अक्षरशत्रू आणि भारी उतावळा. दादाचा शब्द अडला की हा तो पुरा करून मोकळा व्हायचा. लहानपणापासूनची खोड.

राज्याचे हाल बघवेनात, म्हणून केरोबा पटावर उतरला. लखू काठावर बसला. पहिलेच दार वाणीचे निघाले. राजाला पूर्ण नावाने हाक मारायची, एवढेच काम.

"पृ... पृ..." केरोबाने सुरुवात केली.

"पृथ्वीपाल शूलपाणी!" लखू काठावरून ओरडला.

पटाची राखण करणारी साळुंकी म्हणाली, "दुसऱ्याच्या तोंडचा शब्द. हार."

आणि केरोबाचे लाकूड झाले.

चाळीस दिवस लखूच्या डोळ्यांत टिपूस आले नाही, की पोटात धड घास गेला नाही. दादाची छिन्नी तेवढी उशाशी असायची. एकेचाळिसाव्या दिवशी ती कमरेला खोचून तो जादूगारापुढे उभा राहिला.

"पट मांड. पुन्हा खेळतो."

"मांडतो की! सोंगटी निवड," जादूगार म्हणाला. "हा मल्ल घे. नाहीतर हा भाट, याची जीभ लोण्यासारखी चालते."

"मला माझा दादा दे."

जादूगार हसला. "पोरा, त्याच्या पायाखालच्या रेघा मोज. बुद्धी नऊ, बळ एक, वाणी एक. या वेळी हरलास तर तो माझ्या चुलीत, आणि तू पटावर."

"त्याच्या रेघा मी जन्मापासून बघतोय. मांड."

साळुंकीने नियम सांगितला, "दाराशी नऊ कवड्या टाकायच्या. उताण्या पडतील त्या सोंगटीच्या रेघांहून जास्त नकोत. बळ, बुद्धी, वाणी चालेल ती सोंगटीची. युक्ती मात्र खेळणाऱ्याने सांगावी."

पहिले दार बुद्धीचे. दाराला तीन कड्या, वर झिजलेला लेख. लखूला त्यात नुसत्या भेगा दिसल्या. "दादा, हे तुझं काम. वाच." कवड्या सात उताण्या पडल्या. लाकडी केरोबाने लेख वाचला, मधली कडी ओढली. दार उघडले.

दुसरे दार बळाचे. वीतभर केरोबापुढे हत्तीच्या पिल्लाएवढी वाटावी अशी शिळा आडवी. लखूचे हात शिवशिवले, तो उठलाच.

"तुझे हात काठावर," साळुंकी म्हणाली.

तो चरफडत बसला. मग शिळेकडे पाथरवटाच्या नजरेने पाहू लागला. "दादा, मागच्या दाराचा अडसर काढून आण. शिळेखाली टोक घाल. त्याला लहान धोंड्याचा टेकू दे. आता दुसऱ्या टोकाला लोंबकळ!"

"ही अक्कल सोंगटीची नाही!" जादूगार कडाडला.

"अक्कल सांगायला बंदी नाही," साळुंकी म्हणाली. "ओझे हलके झाले. कवड्या दोनच."

एक उताणी पडली, एक पालथी. शिळा गडगडत बाजूला गेली.

तिसरे दार वाणीचे.

"टाक नऊ कवड्या," जादूगार म्हणाला. "रेघ एकच आहे."

लखूने कवड्या उचलल्या, मूठ वर नेली आणि तिथेच थांबला. "साळुंके, टाकल्याच पाहिजेत?"

"घाई असेल त्याने टाकाव्यात. सोंगटीला हवा तेवढा वेळ देणाऱ्याला कवड्या लागत नाहीत. आजवर कोणी विचारलेच नाही."

लखूने कवड्या खाली ठेवल्या. "दादा, मार हाक. सावकाश."

"पृ..." लाकडी ओठ अडले. सूर्य डोक्यावर आला, तरी शब्द "पृ" वरच.

जादूगार कानाशी लागला, "किती हाल रे त्याचे! एक अक्षर तर सांग."

लखूने दादाची छिन्नी दातांत धरली. ओठ फाटून रक्त आले, पण तोंडातून ब्र निघाला नाही.

"पृथ्वी... पाल," केरोबा म्हणाला. सूर्य कलला. "शू... शू..." सावल्या लांबल्या. आणि सूर्य टेकता टेकता हाक पुरी झाली: "शूलपाणी!"

पट मधोमध दुभंगला. सोंगट्यांची माणसे झाली. राजा उठला, जादूगाराचे लाकूड झाले, खजिन्याची माती झाली. विहिरींना पाणी आले, गाई पान्हावल्या.

दरबार भरला. राजा म्हणाला, "केरोबा, काय हवे ते माग."

"ल... ल..."

प्रधानाने मदतीला तोंड उघडले. राजाने बोट वर करून त्याला गप्प केले. सारा दरबार ताटकळत उभा राहिला. लखू हात जोडून, ओठ मिटून उभा होता. चाळीस दिवसांचे पाणी त्याच्या गालांवरून वाहत होते.

"लखूला..." केरोबा म्हणाला, "आ... आधी जे... जेवायला वाढा."